विकतचं ऊन

स्पर्धेच्या आदल्या रात्री पोरं अंग घासून घासून अंघोळ करतात. छातीवरचे, पाठीवरचे, मांड्यांवरचे केस आधीच काढलेले असतात. मग लॉजच्या खोलीत जुनी चादर अंथरायची, पंखा पूर्ण सोडायचा आणि एकमेकांना रंग लावायला घ्यायचं. बाटलीतला तपकिरी द्रव स्पंजवर घेऊन खांद्यापासून खाली ओढत न्यायचा. पहिला हात वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. पाठ आपली आपल्याला जमत नाही, ती जोडीदाराने लावायची. कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत राहून गेलं तर स्टेजवर पांढरे ठिपके दिसतात. घोट्यावर जास्त बसलं तर मोजे घातल्यासारखं दिसतं. त्यानंतर घाम येऊ द्यायचा नाही, पाण्याचा थेंब अंगावर पडू द्यायचा नाही आणि झोपायचं ते हातपाय पसरून, उताणं. सकाळी चादरीवर अख्ख्या माणसाचा छापा उमटलेला असतो. लॉजवाला चादरीचे पैसे वेगळे लावतो, ते वेगळंच.

सातारा, कराड, विटा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात गणपतीत, जत्रेत, जयंतीला, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शरीरसौष्ठव स्पर्धा होतात. कोल्हापूरच्या सुहास खामकर यांनी २०१० मध्ये ‘मिस्टर एशिया’चा किताब आणल्यापासून तर गावोगावच्या जिममध्ये त्यांचं पोस्टर लागलं. खाशाबा जाधवांच्या, तालमीच्या मातीच्या या मुलखात आता लोखंडाच्या प्लेटांचा आवाज जास्त येतो. आणि स्टेजवर उभं राहायचं तर काळं व्हावंच लागतं. वरून पडणारे प्रखर दिवे उजळ कातडीवर चकाकतात, स्नायूंच्या मधल्या रेषा त्या झगमगाटात बुडून जातात. गडद रंगावर सावल्या नीट पडतात, पोटाचे कप्पे मोजता येतात. पंचांना तेच बघायचं असतं.

या बाटलीत असतं डायहायड्रॉक्सीअ‍ॅसीटोन नावाचं एक साखरेच्या जातीचं रसायन. कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरातल्या अमिनो आम्लांशी त्याची गाठ पडली की तपकिरी रंग तयार होतो. तव्यावर भाकरीचा पापुद्रा तांबूस होतो, त्यातलीच ही रासायनिक क्रिया. आठवडाभरात तो थर गळून जातो आणि रंगही जातो. जाताना एकसारखा जात नाही. मानेवर, कोपरांवर चट्टे राहतात. उन्हापासून तो फारसं संरक्षण देत नाही. पण अपायाच्या मानाने हा प्रकार बराच सौम्य. यापुढची पायरी म्हणजे मेलॅनोटॅनचं इंजेक्शन. शरीराला आतूनच काळं करणारं हे औषध ब्रिटनसह अनेक देशांच्या औषध नियंत्रकांनी धोक्याचं ठरवलं आहे. मळमळ, रक्तदाबात चढउतार, जुने तीळ काळे पडणं आणि नवे उगवणं ही त्याची ओळख. जिममधले ‘सर’ जे जे सुचवतात, ते ते टोचून घेण्याची तयारी ज्या वयात असते, त्या वयाची ही गोष्ट आहे.

स्पर्धा संपते, चषक घरी येतो, पोरगा पुन्हा कॉलेजला किंवा रानात जायला लागतो. आणि मग त्याच पोराच्या कपाटात पुरुषांसाठीचं गोरं करणारं क्रीम सापडतं. इमामीने ‘फेअर अँड हँडसम’ २००५ मध्ये बाजारात आणलं, तेव्हा शहरी माणसांना हसू आलं होतं. खटाव-माणच्या पोरांना हसण्यासारखं काही वाटलं नसणार. इकडे मुलीकडचे लोक नोकरीवाला जावई मागतात. सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात केरळ, बंगालकडे गेलेलाही चालतो, पण शेती करणारा नको म्हणतात. रापलेलं तोंड म्हणजे कपाळावर लिहिलेला सातबारा. तो पुसायचा तर तोंड उजळलं पाहिजे, असा त्या पोराचा हिशेब. मला तो हिशेब मूर्खपणाचा वाटत नाही. ज्या बाजारात तो उभा आहे, तिथल्या भावाप्रमाणे तो वागतो.

मुलींचं तर काही बोलायलाच नको. स्कूटीवर निघालेली मुलगी डोळे सोडून सगळं चेहराभर स्कार्फ गुंडाळते, कोपरापर्यंत हातमोजे घालते, वरून सनकोट. ब्यूटी पार्लरच्या दरपत्रकावर ब्लीचच्या खाली ‘डी-टॅन’ लिहिलेलं असतं, चेहऱ्याचं वेगळं, हातांचं वेगळं, पूर्ण अंगाचं वेगळं. म्हणजे उन्हाने दिलेला रंग काढून घेण्याचे पैसे. आजी म्हणते, “उन्हात फिरू नको गं, काळीठिक्कर पडशील.” आणि हीच आजी औंधच्या डोंगरावर यमाईच्या काळ्या पाषाणातल्या मूर्तीला हळदकुंकू वाहून आलेली असते.

हे सगळं औंधच्या आसपास घडतं, याला एक वेगळी चव आहे. कारण सूर्यापुढे उघड्या अंगाने उभं राहा, असं सांगणारा राजा याच गावात होऊन गेला.

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. १९०९ मध्ये ते औंधच्या गादीवर आले. संस्थान ७२ गावांचं आणि तेही सलग नाही. औंध सातारा जिल्ह्याच्या हद्दीत, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, एक तुकडा थेट विजापूरकडे. लोकांना हा राजा आठवतो तो १९३८ च्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयामुळे, किंवा १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेच्या हाती कारभार देणाऱ्या राज्यघटनेमुळे, किंवा आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगामुळे, ज्याच्यावरून पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ निघाला. पण तुमचं आयुष्यातलं मोठं काम कोणतं, असं त्यांनाच विचारलं असतं तर त्यांनी बहुधा सूर्यनमस्कार हेच सांगितलं असतं.

तरुणपणी बाळासाहेबांवर सँडोचा प्रभाव होता. युजेन सँडो म्हणजे त्या काळचा जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू. त्याची उपकरणं, त्याची पुस्तकं मागवून बाळासाहेबांनी काही वर्षं त्याच पद्धतीने व्यायाम केला. या सँडोची एक लकब मला इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रयोगाच्या वेळी तो अंगाला पांढरी पावडर फासायचा, कारण त्याला ग्रीक संगमरवरी पुतळ्यासारखं दिसायचं होतं. आज विट्याच्या लॉजमध्ये अंगाला तपकिरी फासणारा पोरगा आणि शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लंडनच्या रंगमंचावर पांढरं फासणारा सँडो, दोघांचं काम एकच: दिव्याखाली स्नायू दिसले पाहिजेत. रंग कोणता, ते त्या त्या काळाच्या प्रेक्षकाने ठरवायचं.

पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या सल्ल्याने बाळासाहेब नमस्कारांकडे वळले. समर्थांच्या परंपरेत नमस्कार आधीपासून होतेच. या राजाने त्यांना शिस्तीचा, श्वासाचा, मोजणीचा व्यायाम म्हणून पुन्हा मांडलं. शाळांत मुलामुलींना ते सक्तीचे केले, मास्तरांनाही सोडलं नाही. राणीसाहेब आणि मुलंही घालायची. १९२८ मध्ये इंग्रजीत पुस्तक निघालं, छायाचित्रं काढली गेली, त्या हालचालींची फिल्मसुद्धा तयार झाली. १९३६ मध्ये ते विलायतेला गेले तेव्हा लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी तिथल्या वृत्तपत्रात त्यांच्याविषयी लिहिलं आणि १९३८ मध्ये या मॉर्गनबाईंच्याच संपादनाखाली लंडनला ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक आलं. औंधला तेव्हा पंडित सातवळेकरही राहत होते. वेदांच्या अभ्यासाबरोबर त्यांनीही सूर्यनमस्कारांवर लिहिलं. किर्लोस्करवाडी याच संस्थानात. तिथल्या मासिकांनीही हा विषय घरोघर नेला. आज रथसप्तमीला महाराष्ट्रभर शाळांच्या पटांगणांवर सामुदायिक नमस्कार घातले जातात, त्यामागे औंधचा मोठा हात आहे.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. सकाळच्या कोवळ्या उन्हात ‘ड’ जीवनसत्त्व मिळतं ही आपल्याकडची पक्की समजूत. पण सूर्य तिरपा असतो तेव्हा त्याच्या अतिनील किरणांतला जो भाग हे जीवनसत्त्व बनवतो, तो वातावरणातच अडतो. तो भरपूर मिळतो दुपारी. तेव्हा बाळासाहेबांच्या पहाटेच्या नमस्कारांनी ना कोणी काळं पडलं असेल, ना कोणाला फारसं ‘ड’ मिळालं असेल. फायदा झाला तो वाकण्याचा, श्वासाचा, रोज ठरल्या वेळी उठण्याचा. आणि त्याच वेळी औंधच्या शिवारात भर दुपारी ज्वारी काढणाऱ्या बायकांना हे जीवनसत्त्व विनासायास मिळत होतं. त्यांच्या रंगाला मात्र कोणी आरोग्याचा रंग म्हणत नव्हतं.

हा राजा सूर्याची महती सांगत होता, तेव्हा युरोपही उन्हाच्या नादी लागला होता. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला १९०३ चं नोबेल मिळालं ते कातडीच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल. त्याच वर्षी ऑगस्ट रोलिए या डॉक्टरने स्वित्झर्लंडमध्ये लेझां इथे क्षयरोग्यांना गच्चीवर उन्हात निजवायला सुरुवात केली. गिरण्यांच्या धुरात वाढलेल्या मुलांची हाडं मुडदुसाने वाकत होती, त्यावर ऊन उपयोगी पडतं हेही याच सुमाराला कळलं. ऊन म्हणजे औषध, एवढं पटल्यावर ते फॅशन व्हायला वेळ लागला नाही. तोपर्यंत तिकडेही गोरेपणाच मिरवायचा असे, कारण रापलेला तो शेतमजूर. मजूर शेतातून उठून कारखान्याच्या छपराखाली गेला आणि पांढराफटक पडला. मग समुद्रकाठी सुटी घालवून तांबूस होऊन येणं ही श्रीमंतीची खूण झाली. आपल्याकडे मजूर अजून रानातच आहे, त्यामुळे आपला हिशेब उलटला नाही. फरक एवढाच. त्याला पूर्व-पश्चिम संस्कृती वगैरे मोठी नावं द्यायचं कारण नाही.

ज्याला समुद्रकाठ परवडत नाही त्याच्यासाठी मग ऊन डब्यात भरलं गेलं. १९७० च्या दशकात जर्मनीतल्या फ्रीडरिश वोल्फने अतिनील नळ्यांचे पलंग बाजारात आणले. काचेवर निजायचं, वरून झाकण ओढून घ्यायचं, खालून-वरून नळ्या पेटतात. दहा-पंधरा मिनिटं आणि बाहेर. भूमध्य समुद्रावरच्या भर दुपारच्या उन्हापेक्षा या नळ्यांतले दीर्घ तरंगलांबीचे अतिनील किरण दहा ते पंधरापट असू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गल्लोगल्ली दुकानं निघाली. शाळेचा निरोपसमारंभ असो नाहीतर मैत्रिणीचं लग्न, आधी चार फेऱ्या मारून यायच्या. २००९ साली अमेरिकेतल्या हायस्कुलांत शिकणाऱ्या गोऱ्या मुलींपैकी ३७.४ टक्के मुली वर्षभरात एकदा तरी या डब्यात जाऊन आल्या होत्या.

कातडी उन्हाने काळवंडते ती मुळात इजा झाल्यावर. पेशीच्या गाभ्यातल्या डीएनएला अतिनील किरणांनी धक्का बसला की पेशी संरक्षणासाठी निरोप धाडते आणि रंगपेशी मेलॅनिनची छत्री उघडतात. म्हणजे हौसेने मिरवलेला तो तांबूस रंग जखमेनंतर आलेला असतो. त्याच साखळीत अफूच्या जातीचं एक द्रव्यही शरीर तयार करतं, आणि काहीजणांना डब्याची चक्क चटक लागते ती त्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये या पलंगांना तंबाखूच्या पंक्तीत, म्हणजे पहिल्या गटातल्या कर्करोगकारकांत बसवलं. तिशी-पस्तिशीच्या आत ज्यांनी ते वापरायला सुरुवात केली, त्यांच्यात मेलॅनोमा या कातडीच्या जीवघेण्या कर्करोगाचा धोका कितीतरी वाढलेला दिसला होता.

तरुणांना यातून परत कसं फिरवायचं, यावर तिकडे बरीच डोकेफोड झाली. ती आपल्या कामाची आहे. कर्करोग होईल असं सोळा वर्षांच्या पोरीला सांगून उपयोग होत नाही. तिच्या लेखी चाळिशी म्हणजे मरणच. त्यापेक्षा तिच्याच चेहऱ्याचा अतिनील प्रकाशात काढलेला फोटो दाखवला आणि कातडीखाली जमू लागलेले डाग दिसले, तर ती थबकते. सुरकुत्या लवकर पडतील हे पटतं. रूपासाठी चाललेल्या उद्योगाला रूपाच्याच भाषेत उत्तर द्यायचं, अशी ती पद्धत. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या क्लेअर ऑलिव्हर या तरुणीने मेलॅनोमा झाल्यावर शेवटच्या दिवसांत उघडपणे बोलून लोकांना हलवलं. २००७ मध्ये ती गेली, वय २६. त्यानंतर तिथल्या राज्यांनी आधी नियम आणले आणि मग, २०१४ च्या शेवटापासून, ही दुकानं एकेक करून बंदच केली. ब्राझीलने तर २००९ मध्येच सरसकट बंदी घातली होती. ब्रिटनने १८ वर्षांखालच्यांना मनाई केली, कॅलिफोर्नियाने २०१२ पासून तेच केलं, अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०१० मध्ये या सेवेवर १० टक्के कर बसवला. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या सगळ्या विद्यार्थ्यांत मिळून या डब्यात जाणाऱ्यांचं प्रमाण २००९ मध्ये १५.६ टक्के होतं, ते २०१५ मध्ये ७.३ टक्क्यांवर आलं. अलीकडे मोबाईलवरच्या व्हिडिओंतून उन्हाचा नाद पुन्हा डोकं वर काढतो आहे, ते खरं. पण सहा वर्षांत निम्म्याने घट ही लहान गोष्ट नव्हे, आणि ती निव्वळ उपदेशाने झाली नाही. दुकानदाराच्या दारात कायदा जाऊन उभा राहिला, तेव्हा झाली.

आपल्याकडे हा डबा फारसा आलाच नाही. मुंबईच्या काही महागड्या सलूनांत फवाऱ्याने टॅन करून देतात, तेवढंच. अमेरिकेतल्या मराठी घरांत मात्र गंमत होते: लेकीच्या वर्गातल्या मुली पैसे मोजून काळ्या होत असतात, तेव्हा आजी व्हिडिओ कॉलवर ‘किती काळवंडलीस’ म्हणून हळहळत असते, आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेत लोणच्याशेजारी गोरं करणारं क्रीम असतं.

आपला डबा ट्यूबचा आहे. त्याचा इतिहास मुंबईतच सुरू होतो. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये ‘अफगाण स्नो’ काढलं, त्याची बाटली कितीतरी घरांच्या कोनाड्यात असे. १९७५ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ आणलं आणि नोकरी, लग्न, आत्मविश्वास सगळं त्या नळीत भरून विकलं. २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. चेन्नईत २००९ पासून ‘डार्क इज ब्यूटिफुल’ मोहीम चालू होती, २०१३ मध्ये नंदिता दास तिच्यात आल्या, लोक बोलू लागले, एका विवाहविषयक संकेतस्थळाला रंगाची चाळणी काढावी लागली. चांगलंच झालं. पण कंपनीच्या या नाव बदललेल्या क्रीमपेक्षा ज्यावर धड नावच नसतं त्या क्रीमची मला जास्त धास्ती वाटते.

अकोल्याची गोष्ट वर्तमानपत्रांत आली होती. जैवतंत्रज्ञान शिकणारी एक विशीतली मुलगी स्थानिक ब्यूटिशियनकडून घेतलेलं क्रीम लावू लागली. फरक दिसला. मैत्रिणींनी विचारलं, कौतुक झालं. ते बघून घरातल्या आईने आणि बहिणीनेही लावायला घेतलं. २०२२ च्या सुरुवातीला तिघींच्याही मूत्रपिंडांना एकाच जातीची इजा झालेली आढळली. एका घरात तिघींना एकदम हा आजार व्हावा, याचा उलगडा डॉक्टरांना होईना. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागत गेला तो त्या क्रीमपर्यंत: आत पारा होता, भरमसाट. पाऱ्याचे क्षार रंग तयार करणारं विकर बंद पाडतात, म्हणून गोरेपणा खरोखर येतो. हीच त्यातली मेख. क्रीम खोटं नसतं, ते काम करतं. आणि कातडीतून आत उतरलेला पारा मूत्रपिंडाच्या गाळणीला भोकं पाडतो. लघवीला फेस येतो, पावलं सुजतात, तोवर चेहऱ्याचं कौतुक चालू असतं.

केरळच्या डॉक्टरांनी अशीच नोंद ठेवली. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे एका विशिष्ट प्रकारच्या मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण आले. त्यांपैकी १५ जणांत सहसा न दिसणारी एक खूण सापडली, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीमं वापरत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांना उतार पडला. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली तर बाकी कशातही दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त पारा चालत नाही, तोही चुकून आलेला. नियम स्पष्ट आहे. पण पार्लरच्या फडताळातल्या बिनलेबलाच्या डबीला नियम वाचता येत नाहीत.

दुसरी ट्यूब याहून साधी, आणि गावच्या एसटी स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये हमखास मिळणारी. ती हातात घेऊन बघण्यासारखी असते. खोक्याच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ असते. कोपऱ्यात बारीक अक्षरांत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा, इंग्रजीत. त्याच्या खाली तीन औषधांची नावं: एक डाग फिकट करणारं, एक कातडीची साल काढणारं, आणि एक स्टेरॉइड. वांगावर, म्हणजे गालावरच्या काळपट डागांवर, त्वचारोगतज्ज्ञ हे मिश्रण काही आठवडे, देखरेखीखाली देतात. लोक ते वर्षानुवर्षं तोंडाला फासतात. काहींची सुरुवात गजकर्णाच्या ट्यूबपासून होते. जांघेत लावली, खाज थांबली, आजूबाजूची कातडी उजळ दिसली, मग चेहऱ्यालाच का नको?

“दादा, ती तोंडाची ट्यूब द्या.”

“जुनीच ना?”

“हो, तीच. दोन द्या.”

काउंटरवरचं संभाषण एवढंच असतं. पहिल्या महिन्यात चेहरा लख्ख होतो. मग कातडी पातळ होत जाते, गालावर लाल शिरांचं जाळं दिसू लागतं, पुटकुळ्या येतात, हनुवटीवर लव वाढते, आणि उन्हात पाऊल टाकलं की चेहरा पेटल्यासारखा होतो. ट्यूब बंद केली तर तीन-चार दिवसांत सगळं दुपटीने उसळून येतं. त्यामुळे पुन्हा ट्यूब. देशातल्या १२ केंद्रांमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यांतल्या १२६ जणांनी ते गोरं होण्यासाठी किंवा रोजचं क्रीम म्हणूनच वापरलं होतं. आणि ४३३ पैकी २५७ जणांना ते सुचवणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. मैत्रीण, शेजारीण, पार्लरवाली, औषध दुकानदार. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केला आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीच्या औषधांत पक्की बसवली.

म्हणजे कायदा आहे, आणि सज्ञान-अज्ञान असा भेदही न करता सगळ्यांसाठी आहे. तिकडच्या सरकारांना जे करायला कित्येक वर्षं भांडावं लागलं, ते आपल्याकडे एका अधिसूचनेत झालं. तरीही आपल्या सगळ्या मोहिमा बोलतात त्या मुलीशी. तू आहेस तशी सुंदर आहेस, रंगावर जाऊ नकोस, आत्मविश्वास बाळग. निबंध स्पर्धा, भित्तिचित्रं, महिला दिनाला व्याख्यान. त्या मुलीला बघायला आलेले पाहुणे व्याख्यानाला आलेले नसतात, हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. माझं मत विचाराल तर या उपदेशातला निम्मा वेळ अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाने स्टँडसमोरच्या चार काउंटरांवर घालवावा. चिठ्ठी मागितली का, नोंद केली का, बिल फाडलं का. औंधच्या राजाला जे साधलं, तेही काही कीर्तनाने साधलं नव्हतं. शाळेच्या वेळापत्रकात तास लावला, मास्तरांना हजेरी लावली आणि स्वतः पटांगणात उतरला. संस्थानी सत्तेची सक्ती आज नको, हे मान्य. पण लाल रेघ छापून ती कोणी वाचतच नसेल, तर छापण्याचा खर्च तरी कशाला?

रंगाचं हे सगळं प्रकरण ज्यांना सगळ्यात जास्त भोगावं लागतं ती माणसं वेगळीच आहेत: कोड असलेली. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी श्वेता असोसिएशन उभी केली. स्वतः कोड असलेल्या डॉक्टरने चालवलेलं हे काम. तिथे माणसं एकमेकांशी बोलतात, लग्नासाठी वधू-वर मेळावेही भरतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा २००६ चा चित्रपट याच प्रयत्नातून आला. तिथेही उपदेश कमी आणि जेवणाच्या टेबलावरची, लग्नाच्या बोलण्यांतली माणसं जास्त होती, म्हणून तो लक्षात राहिला.

आणि आपल्या सरकारी व मोठ्या खासगी रुग्णालयांच्या त्वचा विभागात, मेलबर्नमध्ये बंद झालेल्या त्या डब्याचा एक चुलतभाऊ उभा आहे. टेलिफोन बूथसारखी उभी पेटी, आत चारही बाजूंनी अतिनील नळ्या, डोळ्यांवर काळा चष्मा. इथे किरणं ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातली, सेकंदांनी मोजून, प्रत्येक वेळी नोंद करून दिलेली. कोड आणि सोरायसिसवर ही उपचारपद्धत जगभर वापरतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा आणि कित्येक महिने. खटाव तालुक्यातल्या गावाहून जायचं तर साताऱ्याला किंवा कराडला, एसटीने, दिवसाची मजुरी बुडवून. पांढऱ्या डागात केसांच्या मुळांपाशी बारीक तपकिरी ठिपके उगवायला लागले की औषध लागू पडलं असं समजायचं. पण ते उगवण्याआधी, पहिल्या काही आठवड्यांत, डागाभोवतीची चांगली कातडी रापते. डाग आधीपेक्षा जास्त उठून दिसतो आणि पोर एकूणच काळवंडलेलं दिसतं. आईवडील घाबरतात, नातेवाईक टोकतात, आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या अनुभवात उपचार अर्ध्यावर सुटण्याच्या कारणांत हेही एक असतं. म्हणून शहाणे डॉक्टर पहिल्याच भेटीत, पेटीत उभं करण्याआधी, आईला समोर बसवून सांगतात: सुरुवातीला पोरगी काळी दिसेल, कोणी काही बोललं तरी पुढची तारीख चुकवू नका.